जुना युरोप किती जुना?

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही दोघं बुडापेस्ट, व्हिएन्ना आणि प्राग अशी आठ-नऊ दिवसांची सहल करून आलो. इंग्लंडात राहणाऱ्या आपल्या मंडळींना ही वाट काही नवी नाही. शेंगेन व्हिसा हातात पडला की पहिल्या वर्षी पॅरिस-स्वित्झर्लंड, दुसऱ्या वर्षी इटली आणि तिसऱ्या वर्षी ही तीन शहरं. तुमच्यापैकी बरेच जण जाऊन आले असतील, काही जण पुढच्या वसंतात जायच्या बेतात असतील. त्यामुळे कुठे राहिलो, काय खाल्लं, कोणता पास काढला हे सांगत बसत नाही. सांगायचं आहे ते या सहलीत आम्हा दोघांत सुरू झालेल्या एका वादाबद्दल.

वादाचं मूळ निघायच्या आदल्या रात्री आलेल्या आईच्या फोनमध्ये आहे. आजोळचा पुण्यातला वाडा पाडायचं ठरत होतं. बिल्डरशी मामाची बोलणी झाली होती, आईची सही तेवढी बाकी होती. आई म्हणाली, "एवढी इतिहासात डॉक्टर झालीस, आता तूच सांग, सही करू की नको?" माझा प्रबंध एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईवर. शहरं कशी बांधली जातात आणि ती बांधताना काय काय पाडलं जातं, हे वाचण्यात माझी सहा वर्षं गेली. तरीही चटकन उत्तर देता येईना. "आल्यावर बोलू" म्हणून मी फोन ठेवला.

दोन दिवसांनी आम्ही बुडाच्या टेकडीवर फिशरमन्स बॅस्टियनच्या कमानीत उभे होतो. खाली डॅन्यूब, पलीकडे संसद, हवेत छान गारवा. नवरा म्हणाला, "बघ, यांनी हजार वर्षांचं कसं जपलंय! आणि आपल्याला शे-दीडशे वर्षांचा एक वाडा टिकवता येत नाही."

हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल, कदाचित म्हटलंही असेल. परदेशातल्या प्रत्येक मराठी सहलीत ते एकदा तरी येतंच. मी त्याला म्हटलं, "तू उभा आहेस तो बुरूज १८९५ ते १९०२ या काळात बांधलाय. आपलं व्ही.टी. स्टेशन याच्याहून जुनं आहे."

त्याचा विश्वास बसेना. तिथून पुढे तीनही शहरांत आमचा एकच खेळ सुरू झाला. समोरची इमारत किती जुनी आहे ते आधी त्याने ओळखायचं, मग पाटी वाचायची. बहुतेक वेळा तो दोनशे ते पाचशे वर्षांनी चुकला. चूक त्याची नाही. ती शहरं तशी दिसावीत म्हणूनच बांधलेली आहेत.

पुठ्ठ्याचा किल्ला

बुडापेस्ट हे शहरच या नावाने १८७३ मध्ये जन्माला आलं. नदीच्या एका काठाचं बुडा, त्याच्या शेजारचं ओबुडा आणि दुसऱ्या काठाचं पेश्त अशी तीन गावं एकत्र केली गेली. मग १८९६ साल आलं. मग्यार टोळ्या या प्रदेशात येऊन हजार वर्षं झाली, असं ठरवून सगळ्या देशाने उत्सव केला. युरोप खंडातली पहिली भुयारी रेल्वे त्याच वर्षी मे महिन्यात इथे धावली. आजही तिच्या छोट्या पिवळ्या डब्यांत बसून तुम्ही हीरोज चौकात उतरता. संसद भवनाचं काम १८८५ मध्ये सुरू झालं आणि १९०४ मध्ये पुरं झालं. तिच्या घुमटाची उंची ९६ मीटर आहे, ती मग्यारांच्या आगमनाच्या ८९६ सालाची आठवण म्हणून. संत स्टीफनच्या मोठ्या चर्चचा घुमटही तेवढाच उंच.

हीरोज चौकाच्या मागच्या बागेत वायदाहुन्याद नावाचा किल्ला आहे. तळं, पूल, मनोरे, सगळं अगदी परीकथेतलं. लग्नाचे फोटो काढायला जोडप्यांची रांग असते. आम्हीही काढून घेतले. हा किल्ला १८९६ च्या प्रदर्शनासाठी आधी लाकूड आणि पुठ्ठ्याचा उभारला होता. देशातल्या निरनिराळ्या जुन्या वास्तूंचे तुकडे एकत्र करून केलेला तो देखावा होता. गणपतीत आपण सिंहगड उभारतो तसाच. लोकांना तो इतका आवडला की पुढे १९०४ ते १९०८ मध्ये तोच विटा-दगडांत कायमचा बांधून काढला.

नवरा म्हणाला, "म्हणजे फसवणूक झाली की आपली." मला तसं वाटत नाही. ऑस्ट्रियाच्या सम्राटाच्या राज्यात हंगेरीला आपलं वेगळं राष्ट्र दाखवायचं होतं. राष्ट्र म्हटलं की त्याला भूतकाळ लागतो, आणि दाखवण्यासारखा भूतकाळ तुर्कांच्या आणि हाब्सबुर्गांच्या लढायांत बराच नष्ट झाला होता. म्हणून त्यांनी तो बांधून घेतला. आज आपण जो 'जुना' युरोप बघायला जातो, त्याचा मोठा भाग असा त्या काळच्या लोकांनी आपल्या गरजेपोटी बांधलेला आहे.

जे खरोखर होतं, तेही १९४४-४५ च्या हिवाळ्यातल्या वेढ्यात मोडलं. माघार घेताना जर्मन सैन्याने डॅन्यूबवरचे सगळे पूल उडवले. चेन ब्रिज १८४९ मध्ये पहिल्यांदा खुला झाला होता. तो बरोबर शंभर वर्षांनी, १९४९ मध्ये पुन्हा बांधून खुला केला गेला. राजवाड्याच्या परिसरात तर युद्धात गेलेल्या इमारती पुन्हा जशाच्या तशा उभारण्याचं काम गेल्या काही वर्षांत चाललं आहे. अगदी कोऱ्या दगडांचं 'जुनं' बांधकाम तुम्हाला तिथे बघायला मिळतं.

संसदेजवळ नदीकाठी लोखंडी जोड्यांचं एक स्मारक आहे. ६० जोड, पुरुषांचे, बायकांचे, मुलांचे. १९४४-४५ मध्ये इथल्या फॅसिस्ट ॲरो क्रॉस टोळ्यांनी ज्यूंना या काठावर उभं करून गोळ्या घातल्या. त्याआधी त्यांना पायातले जोडे काढायला लावले, कारण जोड्यांना किंमत होती. हे स्मारक २००५ मधलं. तिथे आमचा खेळ थांबला. काही न बोलता आम्ही ट्रामच्या थांब्याकडे चालू लागलो.

तट पाडल्यावर

बुडापेस्टहून व्हिएन्ना रेल्वेने तीनेक तासांच्या आत येतं. १९१८ पर्यंत ही तिन्ही शहरं एकाच सम्राटाच्या राज्यात होती, त्यामुळे इमारतींचं रूप बदलल्यासारखं वाटत नाही. पण व्हिएन्नात मला घरी आल्यासारखं झालं, त्याचं कारण वेगळं आहे.

व्हिएन्नाभोवती तट होता. १५२९ आणि १६८३ मध्ये तुर्कांचे वेढे याच तटाने परतवले. तटाबाहेर शेकडो पावलं रुंद मोकळं मैदान ठेवलेलं होतं, म्हणजे शत्रू आला तर तोफांच्या माऱ्यात आडोसा मिळू नये. २० डिसेंबर १८५७ रोजी सम्राट फ्रान्झ जोसेफने हुकूम काढला, की तट पाडा आणि त्या जागी रस्ता करा. हीच ती रिंगस्ट्रास. १ मे १८६५ रोजी तिचं उद्घाटन झालं.

आता मुंबई बघा. मुंबईच्या किल्ल्यालाही तट होता आणि त्याबाहेर याच कारणासाठी एस्प्लनेडचं मैदान मोकळं ठेवलेलं होतं. गव्हर्नर बार्टल फ्रियरच्या कारकिर्दीत, १८६० च्या दशकात, तोही तट पाडला गेला. म्हणजे दोन्ही शहरांचे तट एकमेकांमागून अवघ्या काही वर्षांत गेले. व्हिएन्नाने मोकळ्या मैदानाचे भूखंड पाडून विकले आणि आलेल्या पैशातून सार्वजनिक इमारती उभ्या केल्या. मुंबईने एका बाजूला तशाच इमारती बांधल्या आणि मैदानाचा काही भाग मोकळा सोडला. ओव्हल, क्रॉस आणि आझाद मैदान ही त्या एस्प्लनेडची उरलेली तुकडी. तिथे क्रिकेट खेळणाऱ्या पोरांना आपण तोफेच्या माऱ्याच्या पट्ट्यात खेळतोय याची कल्पना नसते.

दोन्हीकडे पैसा व्यापाराचा होता. मुंबईत अमेरिकन यादवी युद्धामुळे कापसाचा भाव चढला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच बाजार कोसळला. व्हिएन्नाचा बाजार मे १८७३ मध्ये, तिथलं जागतिक प्रदर्शन उघडून आठवडा होतो न होतो तोच, कोसळला. राजाबाई टॉवरला पैसे दिले कापसाच्या व्यापाऱ्याने, प्रेमचंद रायचंदने. व्हिएन्ना विद्यापीठासमोरचा भव्य वाडा बांधला तो धान्याच्या व्यापारातून वर आलेल्या एफ्रुसी या ज्यू कुटुंबाने. १९३८ मध्ये नाझी आले आणि तो वाडा त्यांनी बळकावला.

रिंगस्ट्रासवर जाल तेव्हा एक गोष्ट जरूर करा. नगरपालिकेच्या चौकात उभं राहून सावकाश एक गिरकी घ्या. नगरपालिका गॉथिक, कारण मध्ययुगातल्या स्वायत्त नगरांची आठवण हवी. संसद ग्रीक, कारण लोकशाही ग्रीसमधून आली. विद्यापीठ रेनेसाँसच्या धाटणीचं, कारण विद्येचं पुनरुज्जीवन त्या काळातलं. नाट्यगृह बरोक. चारही इमारती १८७० आणि १८८० च्या दशकांतल्या, एकमेकींच्या हाकेच्या अंतरावर. ओव्हल मैदानाच्या कडेला हायकोर्ट, विद्यापीठ आणि जुनं सचिवालय बघताना नेमकं हेच होतं. फरक एवढाच, की व्हिएन्नाने आपल्याच सम्राटाच्या हुकमाने बांधलं आणि मुंबईत हुकूम परक्यांचा होता.

आज ज्याला जगभरचे लोक हात जोडतात, ते व्हिएन्नाचं ऑपेरा हाउस नवं असताना लोकांनी त्याची यथेच्छ टवाळी केली. बांधकाम सुरू असताना समोरचा रस्ता उंचावला गेला, त्यामुळे इमारत जमिनीत रुतल्यासारखी दिसते असं म्हणत. दोघा वास्तुविशारदांपैकी व्हान देर न्यूल याने एप्रिल १८६८ मध्ये आत्महत्या केली. दुसरा, सिकार्ड्सबुर्ग, त्यानंतर काही आठवड्यांत आजाराने गेला. इमारत १८६९ मध्ये उघडली, तेव्हा दोघंही नव्हते. १२ मार्च १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात तिचं प्रेक्षागृह जळून गेलं. दर्शनी भाग आणि मोठा जिना वाचला. आज तुम्ही तिकीट काढून ज्या खुर्चीत बसता, ते सगळं १९५५ मध्ये पुन्हा उघडलेलं आहे.

आणि विटा? रिंगस्ट्रासच्या विटा शहराच्या दक्षिणेला विनरबर्गच्या भट्ट्यांत भाजल्या जात. कामगार बहुतेक बोहेमिया आणि मोराविया, म्हणजे आजच्या चेक प्रदेशातून आलेले. व्हिएन्नाचे लोक त्यांना 'वीटवाले बोहेमी' म्हणून हिणवत. १८८८ मध्ये व्हिक्टर आडलर नावाचा डॉक्टर वेष बदलून भट्टीवर गेला आणि त्याने तिथली हकीकत छापली. मजुरी पैशात न देता पत्र्याच्या बिल्ल्यांत देत, ते बिल्ले भट्टीच्याच खाणावळीत चालत, आणि माणसं गर्दी करून भट्ट्यांच्या आसपास झोपत. पुढे आडलर ऑस्ट्रियाच्या समाजवादी पक्षाचा पुढारी झाला. त्याचा जन्म प्रागचा. आमचीही गाडी दुसऱ्या दिवशी प्रागची होती.

पुसलेली नावं

प्राग खरोखर जुनं आहे. चार्ल्स पुलाचा पाया १३५७ मधला. पण किल्ल्यातल्या संत व्हिटसच्या कॅथेड्रलसमोर नवऱ्याने "चौदावं शतक" म्हणून डाव लावला आणि तो अर्धा हरला. काम १३४४ मध्ये सुरू झालं, पंधराव्या शतकातल्या धार्मिक युद्धांत थांबलं, एकोणिसाव्या शतकात पुन्हा हाती घेतलं आणि १९२९ मध्ये संपलं. ज्या दोन मनोऱ्यांसमोर सगळे फोटो काढतात, तो भाग नंतरचाच.

जुन्या चौकातून नदीकडे पारिझ्स्का नावाचा झकपक रस्ता जातो. दुतर्फा महागडी दुकानं, वर नक्षीदार घरं. इथे पूर्वी ज्यूंची वस्ती होती, योसेफोव्ह. दाट, गरीब, वरचेवर पुराच्या पाण्यात जाणारी. १८९३ मध्ये आरोग्याच्या नावाखाली कायदा झाला आणि पुढच्या वीसेक वर्षांत जवळजवळ सगळी वस्ती जमीनदोस्त केली. सहा सिनेगॉग, जुनी दफनभूमी आणि ज्यू नगरगृह एवढंच राहिलं. जी नवी घरं झाली, त्यांचं भाडं जुन्या रहिवाशांना परवडणारं नव्हतं. काही लेखकांनी विरोध केला, १९०० मध्ये 'जुन्या प्रागसाठी' म्हणून एक मंडळही निघालं. यांनी जपलं हे खरं, पण जपायची बुद्धी झाली ती पाडून झाल्यावर.

मुंबईत १८९६ मध्ये प्लेग आला आणि १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. तेच कारण, तोच उपाय. दाट वस्त्या पाडून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोडसारखे रुंद रस्ते काढले, आणि घरं गेलेल्यांपैकी पुष्कळांना नवी घरं मिळाली नाहीत. काहींसाठी ट्रस्टने चाळी बांधल्या. परळच्या अशाच एका बी.आय.टी. चाळीत डॉ. आंबेडकरांचं बिऱ्हाड बरीच वर्षं होतं. प्रबंध लिहिताना मी हे सगळं कागदावर वाचलं होतं. पारिझ्स्कावर चालताना पहिल्यांदा मला त्या रस्त्याची रुंदी पायाखाली जाणवली. ही रुंदी म्हणजे कोणाची तरी घरं होती.

शेवटी पिंकास सिनेगॉग. बोहेमिया आणि मोरावियातल्या, नाझींनी मारलेल्या सुमारे ८०,००० ज्यूंची नावं त्याच्या भिंतींवर हाताने लिहिलेली आहेत. गावाप्रमाणे, मग आडनावाप्रमाणे. नाव, जन्मतारीख आणि जिवंत असल्याची शेवटची माहीत असलेली तारीख. भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, वरपासून खालपर्यंत. ही नावं पहिल्यांदा १९५० च्या दशकात लिहिली गेली. १९६८ मध्ये इमारत बंद केली गेली आणि साम्यवादी राजवटीत नावं भिंतींवरून काढून टाकली गेली. राजवट गेल्यावर, १९९२ ते १९९६ या काळात, ती सगळी पुन्हा पहिल्यापासून लिहिली.

वरच्या मजल्यावर तेरेझिनच्या छावणीतल्या मुलांची चित्रं आहेत. त्यांना चित्रकला शिकवणारी फ्रीडल डिकर-ब्रँडाइस जन्माने व्हिएन्नाची. १९४४ मध्ये आउश्वित्झला जाण्याआधी तिने मुलांची सुमारे साडेचार हजार चित्रं दोन सुटकेसमध्ये भरून लपवून ठेवली. ती परत आली नाही. चित्रं राहिली, आणि पुष्कळांवर मुलाने स्वतःचं नाव लिहिलं आहे, कारण तिने तसं लिहायला सांगितलं होतं.

बाहेर आल्यावर नवरा म्हणाला, "हे मात्र जपलंय." मी म्हटलं, "हो. दोनदा लिहून."

प्रागमध्ये १ मेला पेट्रझिन टेकडीवर फुललेल्या चेरीखाली जोडप्यांनी एकमेकांचं चुंबन घ्यायची पद्धत आहे. आम्हीही गेलो. गर्दी होती, झाडं कमी आणि जोडपी जास्त. रांगेत उभं राहून नंबर लावला, लाजलो, हसलो आणि उतरून विमानतळाची बस पकडली.

सहीचं काय झालं

तुम्ही या शहरांना जाल तेव्हा जरूर जा, मनसोक्त फोटो काढा. फक्त एखादी इमारत आवडली की तीन गोष्टी विचारा. ही बांधली कधी? हिच्या जागी आधी काय होतं? आणि तिथली माणसं कुठे गेली? पहिल्याचं उत्तर पाटीवर असतं, दुसऱ्याचं बहुधा शहराच्या संग्रहालयात, तिसऱ्याचं शोधावं लागतं. या प्रश्नांनी सहलीची मजा कमी होत नाही, हे मी अनुभवाने सांगते. उलट "आपल्याकडे काही जपत नाहीत" हे म्हणायची घाई कमी होते. त्यांनीही पाडलं, आपणही पाडलं. प्रश्न पाडण्याचा कमी आणि पाडताना माणसांचं काय केलं याचा जास्त आहे.

घरी आल्यावर मी आईला फोन केला. म्हटलं, वाडा ठेवायलाच हवा असं माझं म्हणणं नाही. माडीची तुळई वाकली आहे, मागची भिंत दर पावसाळ्यात थोडी थोडी जाते आहे, तिथे कोणी जीव धोक्यात घालून का राहावं? पण करारात भाडेकऱ्यांची यादी कशी आहे ते वाचून दाखव. आईने वाचली. चार बिऱ्हाडांपैकी तीनच नावं होती. चौकातल्या खोलीत चाळीस वर्षं राहिलेल्या काकूंचं नाव नव्हतं, कारण भाडेपावत्या त्यांच्या दिवंगत सासऱ्यांच्या नावावर आहेत. आई बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मी त्यांच्याकडे दिवाळीचा फराळ खाल्लाय गं प्रत्येक वर्षी."

काकूंचं नाव करारात येईपर्यंत सही करायची नाही, असं आईने ठरवलं आहे. शिवाय आर्किटेक्चरला शिकणारा एक भाचा सुट्टीत येऊन वाड्याची मापं घेणार आहे. कोणत्या खोलीत कोण राहिलं, कधीपासून कधीपर्यंत, हे आई वहीत लिहून काढते आहे. तिच्या आठवणीत निदान अकरा बिऱ्हाडं आहेत. बिल्डरला उशीर होतोय आणि मामा सध्या माझ्याशी बोलत नाही.